पत्रिकेच्या पाठीवरचे शब्द

१२ जून. शाळा सुरू व्हायला तीन दिवस आहेत. आज पहिलीच्या वर्गातलं लोखंडी कपाट आवरलं. एरवी हे काम मी मे महिन्यातच उरकते. पण उद्या सकाळी प्रशिक्षणाची माणसं व्हिडिओ घ्यायला येणार आहेत, आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, दोनदा फोन करून सांगितलं, "मागे कपाट दिसणारे हं. नीट लावून ठेवा." व्हिडिओचा विषय, लहान मुलांना शब्द एका नजरेत ओळखायला कसं शिकवावं. शिकवणारी मी.

खडूचे डबे पुसले, गेल्या वर्षीचे तक्ते रद्दीत काढले, झुरळांचं औषध घातलं. खालच्या फळीवर, घडी घातलेल्या सतरंजीच्या मागे, मिठाईचा एक खोका आहे. परकराच्या नाडीने बांधलेला. तो तिथे आहे हे मला अकरा वर्षं माहीत आहे. दर वर्षी मी सतरंजी काढते, झाडते आणि परत त्याच्यापुढे ठेवते. आज सतरंजी पार कुरतडलेली निघाली. टाकून दिली, आणि खोका उघड्यावर आला.

खोका बाईंचा. बाई पहिली 'अ'ला शिकवायच्या, मी 'ब'ला. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. ठाण्याला खोपटमध्ये एसटी डेपोच्या मागे राहायच्या आणि तिथून रोज डोंबिवलीला यायच्या. त्यांच्या पर्समध्ये कंगवा नसायचा, कात्री असायची. कुणाचं लग्न ठरलं असं कानावर आलं की अभिनंदनाच्या आधी विचारायच्या, "पत्रिका किती छापल्या? उरतील ना?" लग्नाला जायच्या, दोन घास खायच्या, आणि उरलेल्या पत्रिकांची पिशवी घेऊन निघायच्या. पत्रिकेची पाठ कोरी असते, कागद जाड असतो आणि मुलाने चावला तरी फाटत नाही, हे त्यांचं कारण. त्याचे हाताएवढे तुकडे करायच्या आणि प्रत्येक पाठीवर काळ्या मार्करने एक शब्द लिहायच्या. आई. पाणी. घर. ये. जा. आहे. नाही. आणि. पण. असे चाळीस.

"आहे आणि नाही, एवढे दोन ओळखता आले की पोरगं जगात उभं राहतं," त्या म्हणायच्या. "कखग दिवाळीनंतर बघू."

शब्द फोडायला त्यांच्या वर्गात बंदी होती. एखादा मुलगा घरून शिकून आलेला असायचा, कार्ड बघून "पला काना पा" सुरू करायचा. बाई सरळ त्याच्या तोंडावर हात ठेवायच्या. "घरी आई दार उघडते तेव्हा आधी नाक मोजतोस, मग कान मोजतोस, आणि मग आई म्हणतोस का रे? बघ आणि बोल."

फळ्यावर त्या शब्द लिहीतच नसत. म्हणायच्या, फळ्यावरचं पुसलं जातं, ओळख पुसायची नसते. त्याऐवजी रोज एक कार्ड सेफ्टी पिनने पदराला लावून हिंडायच्या. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. एकदा 'दूध' लावून भाजी घ्यायला गेल्या, तर भाजीवाला म्हणाला, "ताई, दूध समोरच्या दुकानात मिळेल." बाईंनी आम्हाला हे सांगितलं ते तक्रार म्हणून नाही. "बघ, वाचलं त्याने. तुमच्या शिक्षणाधिकाऱ्यापेक्षा बरा."

पालकांना त्या आवडायच्या नाहीत. एक वडील दिवाळीच्या तोंडावर भांडायला आले. "बाई, माझ्या पोराला अजून क लिहिता येत नाही."

"तुम्हाला येतो?"

"मला येतो की."

"मग घरात एकाला येतोय. घाबरू नका."

मला त्या 'टापटीप' म्हणायच्या. माझं कपाट, माझ्या वह्यांचे गठ्ठे, माझा डबा, सगळ्यावरून. "काय टापटीपबाई, आज रुमालाला इस्त्री नाही?" मला राग यायचा, पण नाव चुकीचं नव्हतं. मला त्यांचा पसारा सहन व्हायचा नाही. त्यांच्या वर्गात गेलं की दारावर 'दार', खिडकीवर 'खिडकी', आणि एकदा झोपलेल्या शिपाईमामांच्या पाठीवर 'झोप'.

स्टाफरूममध्ये त्यांच्या डब्यातलं कुणी घ्यायचं नाही. त्यावर कुणी कधी काही बोललं नाही. बोलायची गरज नव्हती, सगळ्यांना सगळ्यांची आडनावं माहीत होती. त्या डबा मधे ठेवायच्या, झाकण उघडं, आणि तो तसाच मधे राहायचा. मीही घ्यायचे नाही. मला कुणी कारण विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, तेलकट असतं.

ही शब्दओळखीची कल्पना त्यांना कुठल्या शिबिरात मिळाली नव्हती. ती डेपोतली. त्यांचे वडील खोपट डेपोत गाड्या धुवायचे. एक अक्षर शिकले नव्हते. पण आवाराच्या या टोकाला उभे राहून त्या टोकाच्या गाडीचा बोर्ड सांगायचे. मुरबाड, शहापूर, भिवंडी, वाडा. गावाकडची माणसं विचारायला यायची, आणि हे हातातला पाइप खाली न ठेवता सांगायचे, "ती तिसरी, मुरबाड." बाई ही गोष्ट नव्या प्रत्येक शिक्षिकेला सांगायच्या. "माझा बाप शाळेत न जाता बारा गावं वाचायचा. मग ही पोरं चाळीस शब्द का नाही वाचणार?"

एका वर्षी त्यांनी पहिलीची सहल डेपोत नेली. दोन्ही तुकड्या, त्यामुळे मलाही जावं लागलं. बाकीच्या शाळा वॉटर पार्कला गेलेल्या आणि आमची साठ मुलं डिझेलच्या वासात रांगेत उभी, बोर्ड ओरडतायत. एक ड्रायव्हर मला म्हणाला, "मॅडम, ह्यांना कुठं जायचंय?" मी म्हटलं, "कुठंच नाही." त्याने माझ्याकडे बघितलं ते मला अजून आठवतं. 'अ'ची मुलं भिवंडी, वाडा करत होती. माझी मुलं भला पहिली वेलांटी भि करत होती, तोवर गाडी निघून जात होती.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही बाई बरोबर आहे. ते मला आवडलं नाही.

मग ते वर्ष आलं. मराठी शाळेत मुलं कमी होत होती, अजून होतायत. मोठ्या बाईंनी, तेव्हाच्या, दिवाळीनंतर दोघींना बोलावून सांगितलं की पुढच्या जूनपासून पहिलीची एकच तुकडी राहील. एकीला वर्ग, दुसरीला संस्थेच्या बाळकुमच्या शाळेत पाठवणार. तिथे शिकवायला वर्ग नाही, ग्रंथालय आणि ऑफिसचं काम. निर्णय फेब्रुवारीत, तपासणीला साहेब येतील त्यानंतर. ज्या तुकडीला चांगलं वाचता येईल तिची बाई राहील.

बाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "टापटीप, मी पहिलीशिवाय मरेन गं." अगदी साधेपणाने म्हणाल्या, भूक लागली म्हणावं तसं.

माझे सासरे तेव्हा अंथरुणावर होते. बाळकुम म्हणजे मला जाऊन येऊन चार तास. बाईंना ते खोपटपासून जवळ होतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की मला ते पाठ झालं.

डिसेंबरात त्या दोन दिवस रजेवर होत्या आणि त्यांची मुलं माझ्या वर्गात बसवली होती. मी त्यांचा खोका उघडून कार्डं दाखवू लागले. पोरं धडाधड सांगत होती. आई, घर, आणि, पण. सानिका नावाची एक मुलगी होती, बाप कंपनीत हेल्पर, घरात कागद म्हणजे विजेचं बिल. ती सगळ्यांत पुढे. मी एक कार्ड काढलं, चुकून उलटं धरलं, शब्द खाली डोकं वर पाय. सानिका म्हणाली, "पाणी." बरोबर होतं. मी ते तसंच धरून शब्दावर अंगठा ठेवला, पूर्ण झाकला. "हे काय?"

"पाणीच आहे ना बाई."

मी कार्ड नीट बघितलं. कोपऱ्यावर हळदीचं बोट होतं. आपल्याकडे पत्रिका वाटायच्या आधी कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात, त्यातलं. 'घर'च्या कडेला सोनेरी पट्टी होती. 'आई'च्या मागे छापलेल्या गणपतीची सोंड अर्धी कापून आलेली, ती कागदातून उमटलेली दिसत होती. 'आणि'ला कुंकू फासलेलं, 'पण'चा कोपरा चावलेला. मी एकेक शब्द अंगठ्याने झाकत गेले आणि पोरं सांगत गेली. चाळीसातले तीसेक.

मुलं शब्द ओळखत नव्हती. डाग ओळखत होती. पाच वर्षांच्या मुलाला समोर जे वेगळं दिसतं ते ते धरतं, त्यात त्याची काही चूक नाही. आणि वर्षभर कार्डं तीच.

हे मी बाईंना सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. त्या रजेवरून आल्या आणि विचारलं, "पोरांनी त्रास दिला का गं?" मी म्हटलं, "छे, छान राहिली."

तपासणी फेब्रुवारीत एका मंगळवारी ठरली. आदल्या आठवड्यात मी बाईंना म्हटलं, "कार्डं फार मळलीत हो. साहेबांसमोर बरं दिसत नाही. मी नवी करून देऊ का? पांढऱ्या कार्डशीटवर?"

त्यांचा चेहरा उजळला. "करशील? माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तुझं मोत्यासारखं."

रविवारी दुपारी मी बसले आणि चाळीस शब्द लिहिले. एकसारख्या मापाची, एकसारखी पांढरी कार्डं, पट्टीने आखून. इतकी स्वच्छ की एकात आणि दुसऱ्यात शब्दाशिवाय काही फरक नव्हता. सोमवारी ती माझ्या पिशवीत होती. बाईंनी विचारलं, मी म्हटलं, शेवटची चार राहिलीत. मधल्या सुट्टीत त्यांनी नवीन डबा पुढे केला. भाकरी आणि भरली वांगी. "तुझ्यासाठी केलीत. तेल कमी घातलंय, टापटीप." त्या दिवशी मी त्यांच्या डब्यातलं खाल्लं. पहिल्यांदा. चांगली झाली होती.

मंगळवारी साहेब जिना चढत असताना मी कार्डं त्यांच्या हातात दिली.

मी मागच्या बाकावर वही घेऊन बसले होते, आम्हाला एकमेकींच्या वर्गाची नोंद करायला सांगितलं होतं. बाई साहेबांना म्हणाल्या, "कुठलंही काढा, साहेब. मधूनच काढा." साहेबांनी काढलं. मुलं गप्प. दुसरं काढलं. गप्प. साहेबांना वाटलं मुलं बुजली आहेत, म्हणून त्यांनी सानिकाला जवळ बोलावलं आणि 'पाणी'चं कार्ड हातात दिलं. तिने ते बघितलं. उलटं केलं, मागून बघितलं. चारही कोपरे बघितले. मग बाईंकडे वळून म्हणाली, "बाई, ह्याच्यावर नाही आहे."

"काय नाही बाळा?" साहेबांनी विचारलं.

तिने कोपऱ्यावर बोट ठेवलं. "पिवळं."

बाईंना तिथल्या तिथे कळलं. मी बघत होते. त्यांनी सानिकाच्या हातातून कार्ड घेतलं, कोरा कोपरा बघितला, आणि मग वर्गाच्या मागे माझ्याकडे बघितलं. जुना खोका टेबलाखाली होता. त्या तो काढू शकल्या असत्या. म्हणू शकल्या असत्या की कार्डं आजच बदललीत, ह्या बाईंनी दिलीत, पाच मिनिटांपूर्वी. साहेब भला माणूस होता, त्याने ऐकलं असतं.

त्या म्हणाल्या, "साहेब, मुलांना वाचता येत नाही. माझं चुकलं."

मी वहीत नोंद केली. 'शब्दओळख असमाधानकारक.' खाली सही.

शाळा सुटल्यावर त्या रिकाम्या वर्गात मुलांच्या छोट्या खुर्चीवर बसून होत्या. मी दारावरून जात होते, त्यांनी हाक मारली म्हणून थांबले.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"बरं," त्या म्हणाल्या. मग बोलल्या, "वडिलांची गोष्ट मी अर्धीच सांगते. डेपोत बोर्ड रंगवणारा पेंटर रिटायर झाला. नवीन आला, त्याने सगळे बोर्ड नव्याने रंगवले. छान रंगवले. वडील मुरबाडच्या म्हातारीला भिवंडीच्या गाडीत बसवून आले. एकदा नाही, चारदा झालं असं. मग ते बोर्डाकडे पाठ करून गाड्या धुवायला लागले." हातातलं पांढरं कार्ड त्या उलटसुलट करत होत्या. "आणि मला एवढं माहीत असून कळलं नाही, बघ."

मी काहीतरी म्हणाले. साहेबांनी समजून घ्यायला हवं होतं, असं काहीतरी.

"उपाय काय गं होता? दर आठवड्याला कार्डं बदलायची. एक शब्द तीन कागदांवर, तीन जणांच्या हातून लिहून घ्यायचा. एवढंच. तू डिसेंबरात सांगितलं असतंस, तर जानेवारीत मी केलं असतं."

मी डिसेंबर म्हटलंच नव्हतं. त्यांनी रजा मोजली असावी.

एप्रिलच्या शेवटी त्या बाळकुमला गेल्या. जाताना खोका माझ्या टेबलावर ठेवला. "ठेव. तुझ्या कपाटात जागा असते." बाळकुमला चार वर्षं पुस्तकांना नंबर घातले आणि निवृत्त झाल्या. मी एकदाही गेले नाही.

आणि मी काय केलं? त्यांनी सांगितलं तेच. एक शब्द तीन कागदांवर. एक माझ्या हाताने, एक शिपाईमामांकडून, एक सातवीच्या मुलीकडून. कधी वर्तमानपत्रातून कापून, कधी बिस्किटाच्या पुड्यावर. सोबत अक्षरंही, जूनपासून. माझी पहिली वाचायला लागली. सानिकासुद्धा, तिला मी दुसरीच्या वर्गातून बोलावून घ्यायचे. साहेब बदलले, नवे आले, खूश झाले. मला शिक्षकांच्या केंद्र-बैठकीत बोलवायला लागले, मग तालुक्याच्या. आता म्हणतात, अमुक बाईंची पद्धत. अमुक म्हणजे मी.

बाई गेल्या जानेवारीत गेल्या. आमच्या ग्रुपवर पांढऱ्या फुलांचं चित्र आलं, खाली सगळ्यांनी हात जोडले होते. मीही जोडलेले हात पाठवले. मग कुकर लावला.

आज १३ जून, दुपार. बाकीचं आज लिहितेय.

सकाळी आठला प्रशिक्षणाच्या मॅडम आल्या, तिशीतल्या, चटपटीत. फोन स्टँडला लावला, माझ्या साडीला माइक अडकवला, बरोबर जिथे बाई कार्ड लावायच्या तिथे. "मॅडम, ही पद्धत तुम्हाला कशी सुचली, तिथून सुरू करूया."

मी खोका टेबलावर ठेवला, नाडी सोडली आणि सांगितलं. पद्धत माझी नाही इथपासून. हळदीचं बोट, अंगठा, पिशवीतली कार्डं, जिना, सगळं. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. मॅडमनी मला मधे तोडलं नाही, हे खरं.

माझं झाल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, खूप टची आहे. पण आपला व्हिडिओ तीन मिनिटांचा आहे, आणि हे सात झालं. तपासणी वगैरे तर ठेवताच येणार नाही, वरून कट करतील. आपण डायरेक्ट कार्ड कसं बनवायचं तिथून घेऊया का?"

"घ्या, घ्या," मोठ्या बाई दारातून म्हणाल्या.

"आणि तो खोका जरा बाजूला करू का? मळका दिसतोय."

खोका मीच उचलला. नाडी बांधली, कपाटात खालच्या फळीवर ठेवला. पुढे ठेवायला सतरंजी नव्हती. कपाटाचं दार उघडंच होतं. मग मी टेबलामागे उभी राहिले, माइक सरळ केला, आणि मॅडमनी बोट वर केल्यावर सुरुवात केली.

"एक शब्द तीन कागदांवर घ्यायचा. तिन्ही वेगळे. आणि तीन जणांच्या हातून लिहून घ्यायचा."